वॉनलॉकहेड : शिशाने वसवलेलं गाव

स्कॉटलंडमधलं सर्वांत उंच गाव तिथल्या उत्तरेच्या प्रसिद्ध डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये नाही. ते दक्षिणेला, लॉदर टेकड्यांत आहे. वॉनलॉकहेडची उंची 467 मीटर. निथ नदीच्या खोऱ्यातून मेनॉक खिंडीने वर चढावं लागतं. या उंचीवर धान्य धड पिकत नाही. तरीही माणसं इथे राहायला आली ती डोंगरातल्या शिशासाठी.

16व्या शतकात इथल्या ओढ्यांत सोनं धुऊन काढत, पण ते हंगामी काम. 1680च्या सुमारास शिशाच्या खाणी आणि भट्टी सुरू झाली, तेव्हा कायमची वस्ती झाली.

खाणीचा पहिला शत्रू पाणी. त्याच्यावर तोडही पाण्याचीच. गावातल्या स्ट्रेटस्टेप्स खाणीवर तुळईचं एक यंत्र आजही जागेवर उभं आहे. दगडी खांबावर आडवी लाकडी तुळई, कोकणात विहिरीतून पाणी काढायला लावतात त्या ‘लाट’ नावाच्या आडव्या लाकडासारखी. एका टोकाला बादली, दुसऱ्या टोकाला खाणीत उतरलेला पंपाचा दांडा. डोंगरावरून आणलेल्या पाण्याने बादली भरली की ती खाली जाते आणि दांडा वर खेचला जाऊन खाणीतलं पाणी उपसलं जातं. तळाशी बादली रिकामी होते आणि दांड्याच्या वजनाने पुन्हा वर येते. कोळसा लागत नाही. मात्र डोंगरावरचं पाणी आटलं की यंत्र थांबलंच.

भट्टीचा त्रास वेगळा. धुरातलं शिसं गवतावर बसलं की चरणाऱ्या जनावरांना विषबाधा होते. म्हणून धूर लांबलचक दगडी नळीतून डोंगरावर नेऊन सोडत. नळीत साचलेली काजळी खरवडून पुन्हा वितळवली की तीतूनही शिसं निघे, तेव्हा या खर्चामागे केवळ गवताची काळजी नव्हती.

जेमतेम दोन किलोमीटरवर लेडहिल्स. 1730च्या दशकात तिथल्या खाणींचा कारभार गणितज्ञ जेम्स स्टर्लिंगकडे आला. क्रमगुणिताचं सूत्र ज्याच्या नावाने ओळखतात, तोच हा. त्याने खाणीतली पाळी सहा तासांची केली. हाताशी वेळ आला आणि 1741मध्ये खाणकामगारांनी वर्गणीवर वाचनालय काढलं. वॉनलॉकहेडचं 1756मधलं. 1803मध्ये कवी विल्यम वर्ड्सवर्थची बहीण, लेखिका डोरोथी वर्ड्सवर्थ इथून गेली, तेव्हा वाटेत भेटलेली गावातली पोरं शाळेत लॅटिन कवी व्हर्जिल आणि ग्रीक कवी होमर शिकत होती!

1901-02मध्ये रेल्वे आली, 1938मध्ये बंद झाली. खाणी त्याआधीच, 1934मध्ये थांबल्या होत्या. 1950च्या दशकात त्या पुन्हा चालवून पाहिल्या, पण जमलं नाही. आता गावात शिशाच्या खाणकामाचं संग्रहालय आहे. ओढ्यात सोनं धुणारे हौशी लोक अजून येतात, फक्त त्यासाठी परवाना काढावा लागतो.