चुंबकीय क्षेत्र आणि क्षेत्राचा उतार

सोमेश्वरला गोदावरीच्या वाळूत जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवा. काळी बारीक रेती मिशांसारखी चिकटून येते. आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज ते. आता नीट बघा: मिशा कडांवर दाट, सपाट भागावर विरळ.

औषध वाहणारे चुंबकीय कण रक्तवाहिनीत कुठे थांबतील, याचं सिम्युलेशन करताना मुलं इथेच चुकतात. गेल्या वर्षी नाशिकमधल्या माझ्या एका विद्यार्थिनीने मॉडेलमध्ये अख्ख्या नळीला १ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) एकसारखं क्षेत्र लावलं. कण सरळ वाहून गेले. ३ टेस्ला केलं, तरी तेच. “सर, कोड चुकलाय का?” कोड बरोबर होता.

क्षेत्राने कण चुंबकतो आणि वळतो, एवढंच. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, पण उत्तरेला सरकत नाही, कारण तिच्या दोन्ही टोकांना पृथ्वीचं क्षेत्र सारखंच असतं. ओढ लागते ती क्षेत्र जागोजाग बदलतं तेव्हा. त्या बदलाला ग्रेडियंट म्हणतात. वर्गात मी उतार म्हणतो. एमआरआयच्या बोगद्यात मधोमध क्षेत्र प्रचंड, पण सपाट. लोखंडी सिलिंडर खेचला जातो तो बोगद्याच्या तोंडाशी, जिथे क्षेत्र झपाट्याने चढतं. शिवाय तिच्या कणांमधल्या मॅग्नेटाइटचं चुंबकत्व १ टेस्लाच्या आतच जवळजवळ पूर्ण भरतं, म्हणून ३ टेस्लाचा तिला काही फायदा नव्हता.

मग तिने नळीखाली निओडिमियमचं छोटं चुंबक ठेवलं. क्षेत्र अर्ध्या टेस्लाहून कमी, पण उतार तीव्र. स्क्रीनवरचे ठिपके खालच्या भिंतीकडे झुकू लागले. बारीक कण मात्र निसटले: त्रिज्या निम्मी झाली की ओढ आठव्या हिश्श्यावर येते, रक्ताचा विरोध फक्त निम्मा होतो. केशवाहिनीत रक्त सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही, तिथे असा कण धरता येतो. महाधमनीत तो धरणं फार अवघड.

हा हिशेब मला जिवाभावाचा वाटतो, कारण तो शेवटी माणसाच्या अंगात उतरतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत १४ कर्करुग्णांना असे औषधी कण दिले होते.

तिचा पुढचा प्रश्न होता, गाठ खोलवर असेल तर दोन्ही बाजूंनी चुंबक लावू का? लावून बघितलं. अर्धे कण एका चुंबकाकडे गेले, अर्धे दुसऱ्याकडे. मधल्या गाठीपाशी एकही थांबला नाही.