झेफर आरटीओएसच्या डॉक्युमेंटेशनमधली चूक कशी दुरुस्त करायची : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला की माग लगेच थांबला पाहिजे, नाहीतर चादरीत दोष राहतो. सेन्सरचा इशारा आल्यापासून मोटर थांबेपर्यंतचा वेळ पक्का बांधलेला हवा असेल, तर नियंत्रकात रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आरटीओएस, घालतात. सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असा प्रोजेक्ट घेतला की फ्रीआरटीओएस आणि झेफर ही दोन नावं समोर येतातच. इथे झेफरबद्दल बोलू. हा प्रकल्प २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे, परवाना अपाचे २.०, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची माहिती देणारी पानं, कोडच्याच भांडारात, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवलेलं आहे. त्यामुळे डॉक्युमेंटेशनमधली चूक दुरुस्त करायची पद्धतही कोडसारखीच आणि तितकीच कडक आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवणं, यालाच इथे अर्ज म्हणतोय.

पात्रता

पदवी लागत नाही, कंपनीचं पत्र लागत नाही. गिटहबच्या नियमानुसार वय किमान १३ असलं की झालं. खरी पात्रता तपासली जाते ती तुमची नव्हे, तुम्हाला सापडलेल्या चुकीची. तुम्ही ज्याला चूक म्हणताय ती चूक आहे का?

सगळ्यात जास्त घोळ होतो प्रायॉरिटीवर, म्हणजे कोणतं काम आधी चालवायचं त्या क्रमावर. फ्रीआरटीओएसमध्ये अशा कामाला टास्क म्हणतात, झेफरमध्ये थ्रेड. फ्रीआरटीओएसमध्ये आकडा मोठा तितकी टास्कची प्रायॉरिटी जास्त. झेफरमध्ये बरोबर उलटं : आकडा लहान तितका थ्रेड वरचढ, आणि ऋण आकड्याचे थ्रेड तर को-ऑपरेटिव्ह, म्हणजे स्वतःहून जागा सोडेपर्यंत दुसरा थ्रेड त्यांना हटवत नाही. फ्रीआरटीओएस शिकून आलेल्या पोराला झेफरचं पान चुकीचं वाटणारच. ती चूक नव्हे, आणि असा अर्ज पाठवलात तर तपासणाऱ्याचा वेळ फुकट जातो.

आता खरी चूक पाहा. समजा, एखाद्या उदाहरणात थ्रेडला ठरावीक वेळ थांबवणाऱ्या के_स्लीप या फंक्शनला नुसता ५०० हा आकडा दिलाय. २०२० साली आलेल्या २.३ आवृत्तीत वेळेच्या मर्यादेसाठी के_टाइमआउट_टी हा वेगळा प्रकार आला. तेव्हापासून ५०० मिलिसेकंद हवे असतील तर के_एमसेक या मॅक्रोत गुंडाळून द्यावे लागतात, किंवा सरळ के_एमस्लीप वापरायचं. जुनं उदाहरण आज कंपाइलच होणार नाही. ही चूक पात्र. आवृत्ती कोणती, कंपायलरने नेमकं काय म्हटलं, दुरुस्त केल्यावर कोणत्या बोर्डावर चालवून पाहिलं, एवढं लिहिलंत की वाद उरत नाही. माझ्या मते अर्जाचा जीव या पुराव्यात आहे. व्याकरण नंतर कुणीही सुधारेल.

एक अपवाद. शोधता शोधता सुरक्षेचं भगदाड सापडलं, तर ते उघड्यावर टाकायचं नाही. त्यासाठी प्रकल्पाची वेगळी, गोपनीय कळवण्याची सोय आहे.

कागदपत्रं

नोटरी नाही, स्टॅम्प पेपर नाही, सेतू केंद्रातली रांग नाही. फीही नाही. गिटहबचं खातं, चालू ईमेल आणि तुमचं पूर्ण नाव, बस. पण अर्ज अडकतात ते याच साध्या गोष्टींवर.

प्रत्येक कमिटच्या, म्हणजे गिट या साधनात नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशाच्या शेवटी साइन्ड-ऑफ-बाय अशी ओळ, पुढे नाव आणि ईमेल, असावीच लागते. डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन नावाचं हे प्रतिज्ञापत्र आहे. हा मजकूर माझा आहे किंवा तो देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्यातून लिहून देता. लिनक्स कर्नलने २००४ मध्ये ही रीत सुरू केली, झेफरने ती उचलली. गिटमध्ये कमिट करताना एस हा पर्याय लावला की ओळ आपोआप पडते. मात्र त्या ओळीतलं नाव-ईमेल आणि कमिटच्या लेखकाचं नाव-ईमेल तंतोतंत जुळलं पाहिजे. एकीकडे टोपणनाव, दुसरीकडे आधारवरचं नाव, असं चालत नाही. आणि गिटहबवर ईमेल लपवून ठेवला असेल तर तो नो-रिप्लाय पत्ता लावतो. तसा पत्ता झेफरच्या तपासणीत बाद होतो. ब्राउझरमध्येच एडिट करून पाठवणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते.

चूक राहते कुठे

पानावर दिसणारा सगळा मजकूर एका जागी नसतो. मार्गदर्शक पानं डॉक फोल्डरमध्ये रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मजकूर-पद्धतीत लिहिलेली असतात आणि स्फिंक्स हे साधन त्यांची वेबपानं बनवतं. पण फंक्शनचं वर्णन, त्याचे पॅरामीटर, परत येणारी किंमत, हे सगळं कोडच्या हेडर फाइलमधल्या टिप्पण्यांतून येतं; डॉक्सिजन हे साधन त्या वाचतं. केकॉन्फिगच्या, म्हणजे कोणत्या सुविधा घ्यायच्या ते ठरवणाऱ्या, पर्यायांची माहिती केकॉन्फिग फाइलींतून, डिव्हाइसट्रीची, म्हणजे हार्डवेअरच्या वर्णनाची, बाइंडिंग फाइलींतून. डॉक फोल्डरमध्ये ते वाक्य सापडलं नाही म्हणून हात टेकू नका. अख्ख्या भांडारात शोधा.

अर्ज दाखल करणं

स्वतः दुरुस्ती करायची नसेल तर गिटहबवर इश्यू, म्हणजे चुकीची तक्रार, नोंदवून थांबता येतं. झेफरच्या पानांवर तळाशी त्यासाठीची सोय दिलेली आहे. दुरुस्ती करायची असेल तर भांडाराचा फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, घ्या, बदलासाठी त्यात वेगळी ब्रँच, म्हणजे शाखा, काढा आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, पाठवा. हाच तुमचा अर्ज.

कमिटच्या शीर्षकात आधी विभाग लिहायचा, उदाहरणार्थ 'डॉक : कर्नल :', आणि मग दुरुस्ती थोडक्यात. ओळ ७५ अक्षरांच्या आत. खाली का बदललं ते लिहायचं. ही जागा कोरी सोडली तर यंत्रच परत पाठवतं. एका कमिटमध्ये एकच विषय. स्पेलिंग, तुटलेली लिंक आणि के_स्लीपचं उदाहरण एकाच गाठोड्यात बांधू नका.

छाननी

आधी स्वयंचलित तपासण्या होतात. पहिलाच अर्ज असेल तर त्या सुरू व्हायलाही आतल्या कुणाची परवानगी लागू शकते, म्हणून थोडं थांबा. मग माणसं बघतात. किमान दोन मान्यता लागतात आणि त्यात त्या विभागाच्या जबाबदार व्यक्तीची असावी लागते. साधारण बदल किमान दोन कामकाजाचे दिवस खुला ठेवतात, अगदी किरकोळ असेल तर चार तास. परीक्षक युरोप-अमेरिकेत असले तर उत्तर आपल्याकडे रात्री उशिरा येतं. सकाळी चहाबरोबर पाहिलं तरी चालतं.

सूचना आली की वर नवा कमिट चढवायचा नाही. जुन्यातच बदल करून, रिबेस करून (म्हणजे तो मुख्य शाखेच्या ताज्या स्थितीवर बसवून), फोर्स-पुश करायचा, म्हणजे आधी पाठवलेल्यावर तो चढवायचा. कॉलेजात फोर्स-पुश म्हणजे पाप असं शिकवलेलं असतं, पण स्वतःच्या ब्रँचवर इथे तेच अपेक्षित आहे. आणि गप्प बसू नका : ६० दिवस हालचाल नसेल तर अर्जावर शिळा असा शिक्का बसतो, पुढच्या १४ दिवसांत तो बंद होतो. परीक्षा आल्या असतील तर तसं एका ओळीत कळवून ठेवा.

नव्या आवृत्तीआधी फीचर फ्रीज, म्हणजे भर घालण्यावर बंदी, लागतो तेव्हा नवीन सुविधा घेत नाहीत, डॉक्युमेंटेशनच्या दुरुस्त्या मात्र घेतात.

मंजूर झालेला बदल मुख्य ब्रँचमध्ये जातो आणि 'लेटेस्ट'च्या पानांवर दिसू लागतो. जुन्या आवृत्तीच्या पानांवर ती चूक तशीच राहते. तुमचा प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीवर असेल आणि तिथेही दुरुस्ती हवी असेल, तर बॅकपोर्टची, म्हणजे तोच बदल जुन्या आवृत्तीत नेण्याची, विनंती त्याच पुल रिक्वेस्टमध्ये करा.