कॅमेऱ्यातल्या ‘रॉ’ फोटोमागची गोष्ट

कारखान्यात माल तपासणाऱ्या इंडस्ट्रियल कलर कॅमेऱ्यात फोटो आतल्या आत सुधारायची वेळ का आली, हे समजून घ्यायचं तर सेन्सरच्या आधी केबलकडे बघावं लागतं. बायर पॅटर्नचं, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर बसवायच्या पद्धतीचं, पेटंट १९७६ चं. दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा, हे तेव्हापासून आजपर्यंत तसंच चालत आलंय. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो, बाकीचे दोन शेजारच्यांवरून काढून भरावे लागतात. प्रिझमने तीन रंग वेगळे करून तीन सेन्सरवर टाकणारे कॅमेरे पण होते, रंग फार सुरेख द्यायचे, पण किंमत ऐकूनच परचेसवाले हात वर करायचे, त्यामुळे कारखान्यात रुजला तो बायरच.

खरी गडबड सुरू झाली २००६ नंतर. नेटवर्कवरून फोटो पाठवायचं गिगई व्हिजन स्टँडर्ड आलं, बऱ्याच ठिकाणी पीसीत बसवायचं फ्रेम ग्रॅबर कार्ड गेलं आणि साध्या नेटवर्क केबलवर कॅमेरे चालायला लागले. सगळ्यांना आनंद झाला, पण त्या केबलमधून सेकंदाला जायचे जेमतेम ११५ एमबी. ५ मेगापिक्सेलचा ८ बिट बायर फोटो ५ एमबीचा होतो, म्हणजे सेकंदाला वीसेक फोटो आरामात. तोच कॅमेऱ्यात पूर्ण रंगीत करून पाठवला की १५ एमबी, म्हणजे सातच फोटो. आता लाईनवरून सेकंदाला दहा बाटल्या जात असतील तर सात फोटो घेऊन करायचं काय? मधला मार्ग म्हणून कितीतरी जणांनी वाययूव्ही ४२२ वर (उजेड आणि रंग वेगळे ठेवणारा फॉरमॅट) भागवलं, पिक्सेलला १६ बिट, रंगाची माहिती आडवी अर्धी आणि फोटो दहा-अकरा. बाकीच्यांनी बायरच पाठवला आणि रंग भरायचं काम पीसीवर टाकलं.

पीसीवर मग वेळ वाचवायला सगळ्यात साधी पद्धत वापरली जायची, शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढून मोकळं व्हायचं. त्याचा परिणाम बारकोडवर बघावा. काळ्या बारीक रेघेच्या एका कडेला नारिंगी झाक, दुसऱ्या कडेला निळसर, आणि रेघ तिरकी असेल तर कडा चेन लावल्यासारखी दातेरी. २००४ मध्ये ५ बाय ५ पिक्सेलच्या खिडकीचा, म्हणजे एका वेळी तेवढे पिक्सेल बघून रंग भरणारा एक फिल्टर प्रसिद्ध झाला होता, सरळ गुणाकार-बेरजेचा, कॅमेऱ्यातल्या एफपीजीएला (हव्या त्या कामाला जुळवता येणारी चिप) पेलेल असा. तशा मोठ्या खिडकीच्या पद्धती हळूहळू कॅमेऱ्यात उतरल्या आणि सोबत नॉईज (पिक्सेलच्या आकड्यातली खोटी गडबड) कमी करणं, शार्पनेस, कडांवरचे खोटे रंग काढणं हेही आलं. यात क्रम महत्त्वाचा. एका लाल पिक्सेलला नॉईज आला असेल आणि तुम्ही आधी रंग भरले तर साध्या पद्धतीत तो एक पिक्सेल आजूबाजूच्या आठ जणांना लागण करतो, मग ठिपक्याऐवजी रंगीत डाग दिसतो आणि तो काढणं जास्त अवघड जातं. म्हणून हे काम सेन्सरच्या जवळ, रंग भरायच्या आधी किंवा निदान भरतानाच व्हायला हवं होतं, आणि कॅमेऱ्यात ते आणलं ते माझ्या मते बरोबरच झालं.

चुकलं ते नावात. ‘रॉ’ हा शब्द. कॅमेऱ्यातून बायर फॉरमॅटमध्ये जे काही बाहेर पडतं त्याला सगळे रॉ म्हणतात, डेटाशीटमध्येही आणि बोलण्यातही, जणू काही सेन्सरने पाहिलं ते जसंच्या तसं. पण तोपर्यंत त्यावर ब्लॅक लेव्हल (काळ्याची पातळी ठरवणं) झालेली असते, बऱ्याच मॉडेलमध्ये व्हाईट बॅलन्सचा गेन (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला गुणाकार) पण लाल-निळ्या पिक्सेलवर लागलेला असतो, आणि खराब पिक्सेल झाकलेले असतात. खात्री करायची असेल तर लेन्सला टोपण लावा, एक्स्पोजर दोन सेकंद, गेन वर, कॅमेरा गरम झालेला. सेन्सरचे चमकते ठिपके इथे दिसायला पाहिजेत. काळा कुळकुळीत फोटो आला, एकही ठिपका नाही, तर समजायचं की आत कोणीतरी आधीच झाडू मारलाय.

यातला खराब पिक्सेल झाकणं हा प्रकार दोन तऱ्हेचा असतो. एकात फॅक्टरीत बनवलेली यादी असते, तेवढेच पिक्सेल बदलतात, ते ठीक. दुसऱ्यात कॅमेरा दर फोटोला बघतो की आसपासच्यांपेक्षा हा फारच वेगळा आहे का, असेल तर उडवतो. आम्ही एकदा गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलला मागून लाईट देऊन पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, शोधत होतो, छपाईचा रंगही त्याच कॅमेऱ्याने तपासायचा होता म्हणून कलर घेतलेला. भोक फोटोत एकाच पिक्सेलवर यायचं, म्हणजे ऑप्टिक्स आमचं काठावरचंच होतं, तरी डोळ्याला दिसणारं भोक फोटोत गायब कसं होतंय यात तीन दिवस गेले. लाईट बदलला, लेन्स बदलली, आणि शेवटी कळलं की कॅमेराच त्याला खराब पिक्सेल समजून पुसतोय. फॉरमॅट तर ‘रॉ’ निवडलेला होता! मापाचं किंवा दोष शोधायचं काम करणाऱ्याला हा शब्द सरळसरळ फसवतो, आणि ज्यांनी तो ढिला सोडला त्यांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

२०१३ च्या आसपास ग्लोबल शटरचे (सगळा फोटो एकाच क्षणी टिपणारे) चांगले सीमॉस सेन्सर आले, २०१५ मध्ये सोनीने आपले सीसीडी (आधीच्या पद्धतीचे सेन्सर) बंद होणार हे जाहीर केलं आणि ज्यांचे प्रोग्रॅम जुन्या सीसीडीच्या फोटोवर बसवलेले होते त्यांना रंग, नॉईज, शार्पनेस सगळंच परत जुळवावं लागलं. आता तर १० गिगाबिटची केबल आणि पीसीत जीपीयू (एकदम खूप गणितं करणारी ग्राफिक्सची चिप), त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचं अडचणीचं गणित उरलंच नाही, आणि काम परत पीसीवर न्या म्हणणारे वाढलेत. दुसरीकडे डीप लर्निंगवाल्यांचं वेगळंच. तपासणीचं एआय मॉडेल शिकवलं एका फर्मवेअरच्या (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) फोटोंवर, दोन वर्षांनी कॅमेरा बदलला, कॅमेऱ्याचा नंबर तोच पण फर्मवेअर नवीन, आतला शार्पनेस जरासा वेगळा, माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही आणि मॉडेल चांगला माल रिजेक्ट करायला लागतं. त्यामुळे आता काहीजण ऑर्डर देतानाच फर्मवेअर व्हर्जन लिहून मागतात, आणि फोटो सुधारणारा आतला कुठला ब्लॉक (टप्पा) बंद करता येतो आणि कुठला नाही याची यादी पण.