ताजं रताळं सगळ्यात गोड? नाही

महाशिवरात्र जवळ आली की कोकणात हे वाक्य ऐकू येतंच: "आत्ताच खणलंय, साखरेसारखं लागेल!" भाजीपाल्याला ताजेपणाचा नियम लागू पडतो, रताळ्याला नाही. नुकत्याच खणलेल्या रताळ्यात मुख्यतः पिष्ट (स्टार्च) असतं. ते उकडून खाल्लं तर पिठूळ आणि फिकं लागतं, मग दोष बिचाऱ्या वेलाला किंवा मातीला.

परसात वाफा असेल तर काढणीनंतर रताळी धुवू नका. माती झटकून, उन्हाबाहेर, हवेशीर पण दमट कोपऱ्यात आठवडाभर ठेवा. साधारण ३० अंश तापमान आणि दमट हवा मिळाली की फावड्याच्या जखमा भरतात. आपल्या किनाऱ्यावर ही हवा फुकट मिळते. पुढे दोन-तीन आठवड्यांत गोडी वाढत जाते. फ्रिजमध्ये मात्र अजिबात नको. १२ अंशांखाली रताळं बिघडतं, शिजवूनही आतून कडक राहतं.

उरलेली गोडी चुलीवर ठरते. साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात रताळ्यातलं विकर (एन्झाइम) पिष्टाचं माल्टोज साखरेत रूपांतर करतं, त्याहून जास्त तापलं की ते निकामी होतं. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये झटपट शिजवलेलं रताळं कमी गोड लागतं. निखाऱ्याच्या राखेत हळूहळू भाजलेलं, किंवा रायगडकडच्या पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजायच्या, मडक्यात भांबुर्डीच्या पाल्याखाली दडलेलं, जास्त गोड. घरी उकडायचंच असेल तर गार पाण्यात घालून मंद आचेवर ठेवा.