कागदावरचे ‘नागपूर’: आपले की छोटा नागपूर?

मॉरिशस, गयाना किंवा त्रिनिदादहून कुणी आपल्या पूर्वजांचे गाव शोधत नागपुरात येते, किंवा इथलेच एखादे घराणे ‘जहाजावर गेलेल्या’ पणजोबांच्या भावाचा माग काढू लागते, तेव्हा पहिली चूक बहुधा गावाच्या नावातच होते. जुन्या इंग्रजी नोंदीत ‘नागपोर’ एवढा एकच शब्द असतो आणि आपण तो महाल-बर्डीचे नागपूर समजून पुढे जातो. तो शब्द पुष्कळदा छोटा नागपूरचा असतो आणि मग वर्षानुवर्षांचा शोध भलत्याच मुलखात होत राहतो.

आपले नागपूर हे शहर आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाहने ते नाग नदीच्या काठी वसवले, पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताचा कारभार इथून सुरू झाला. छोटा नागपूर हे मात्र शहर नाही. ते रांची, हजारीबाग, पलामू, सिंहभूम यांना पोटात घेणारे विस्तीर्ण पठार आहे, त्याचा बराचसा भाग आज झारखंडात येतो आणि तिथे नागवंशी राजांची सत्ता होती. दोन्ही ठिकाणांत सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर आहे.

या घोटाळ्यात काळाला फार महत्त्व आहे. गिरमिटिया म्हणजे करारावर परदेशी मळ्यांत नेलेल्या मजुरांचे स्थलांतर १८३४ मध्ये सुरू झाले. ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर त्या वर्षी २ नोव्हेंबरला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले, आणि तो दिवस तिथे आजही पाळला जातो. १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे मजूर घेऊन ब्रिटिश गयानाला गेली. या आरंभीच्या मजुरांना कागदोपत्री ‘हिल कुली’ (डोंगरी मजूर) म्हणत, आणि त्यांत छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या लोकांचा भरणा होता. आपले नागपूर तेव्हा भोसल्यांच्या राज्यात होते आणि मुंबईची रेल्वेही इथे १८६७ मध्येच पोहोचली. म्हणून १८५४ पूर्वीच्या कागदावर ‘नागपोर’ दिसले, तर आधी छोटा नागपूरचाच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी माणसाला याहून अधिक चकवणारा शब्द ‘धांगर’ हा आहे. जातीच्या रकान्यात तो दिसला की आपल्याला घोंगडी पांघरलेला, मेंढरे राखणारा धनगरच आठवतो, आणि शेजारी ‘नागपोर’ असले की शंकेला जागाच उरत नाही. पण मजूर जिथून जहाजावर चढत त्या कलकत्ता बंदराच्या नोंदींतला ‘धांगर’ म्हणजे मेंढपाळ नव्हे. उरांव आणि त्यांच्यासारख्या पठारावरच्या आदिवासी मजुरांना तिकडे सरसकट दिलेले ते नाव होते. म्हणजे दोन्ही शब्द ओळखीचे वाटतात आणि दोन्हीही आपले नसतात.

पुढच्या काळातला एमिग्रेशन पास, म्हणजे मजुराला परदेशी जाताना मिळालेला परवाना, हाती लागला, तर निवाडा बराच सोपा होतो. त्यावर जहाजाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, आणि मुख्य म्हणजे जिल्हा, पोलीस ठाणे व गाव असे वेगवेगळे रकाने असतात. छोटा नागपूर हा जिल्हा नव्हता, विभाग होता. त्यामुळे तिथल्या माणसाच्या पासवर जिल्हा लोहरदगा (१८९९ नंतर रांची), हजारीबाग असा येतो आणि ठाणे पालकोट, तमाड, खुंटी असे काहीतरी. जिल्हा नागपूर आणि त्याखाली रामटेक, काटोल किंवा ‘उमरेर’ असेल, तर तो माणूस आपल्याकडचा. उमरेडचे इंग्रजी स्पेलिंग तेव्हा ‘र’ने संपत असे, आणि मजुरांना जहाजावर चढवण्याआधी ठेवत त्या डेपोतला कारकून काही मराठी कानाने ऐकत नव्हता, म्हणून गावाचे नाव मोठ्याने वाचून पाहावे. जात कोष्टी किंवा महार असेल तर पुरावा आणखी बळकट होतो, गोंड असेल तर फारसा नाही. केवळ नावावर तर मुळीच विसंबू नये, कारण वारावरून ठेवलेली सोमरा, बुधू, मंगरा ही नावे तिकडची असली, तरी सोमा, बुधा, मंगरू आपल्याही खेड्यांत आहेत. बंदर कलकत्ता असल्यानेही काही ठरत नाही. मध्य प्रांतातले लोकही तिथूनच फिजी-सूरिनामला गेले.

मॉरिशसचे दप्तर मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे, फिजीचे पास तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि सूरिनामच्या नोंदी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. घरात ‘चहाच्या मळ्यावर गेला’ एवढीच आठवण असेल, तर मात्र समुद्रापलीकडे पाहण्याआधी आसाम तपासावे.

चौकशीचे पत्र लिहिताना गेलेल्या माणसाच्या नावाबरोबर मागे राहिलेल्या भावांची, बापाची आणि बायकोची नावेही अवश्य कळवावीत. फिजीच्या पासवर जवळच्या नातेवाइकाचा एक वेगळा रकाना असतो, आणि नागपूर कोणते हा प्रश्न इतर सगळ्या रकान्यांनी अर्धवट सोडला, तरी तिथे लिहिलेले नाव आपल्या वंशावळीत सापडू शकते.