पार्श्वभूमी : गावच्या चर्चमधल्या घंटावादकांचे वर्ष कसे घडले

इंग्लंडमधल्या गावच्या घंटावादकांचे वर्ष ठरलेले असते. आठवड्यातून एका संध्याकाळी सराव, रविवारी उपासनेआधी सुमारे अर्धा तास वादन, वर्षारंभी वार्षिक सभा, उन्हाळ्यात लग्ने आणि इतर गावांच्या मनोऱ्यांची सहल, नोव्हेंबरात युद्धातल्या मृतांसाठी दबक्या आवाजातले वादन, शेवटी ३१ डिसेंबरची मध्यरात्र. हे सारे प्राचीन धर्मपरंपरा म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात यातले बरेचसे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांनी घडवले आहे.

त्याआधीचे वर्ष बरेचसे राजसत्तेचे होते. १७ नोव्हेंबर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाचा, ५ नोव्हेंबर संसद उडवण्याचा कट फसल्याचा, २९ मे राजेशाही परत आल्याचा. चर्चच्या हिशेबवह्यांत या दिवशी वादकांना दिलेल्या पैशांच्या आणि बिअरच्या नोंदी सापडतात. सतराव्या शतकात घंटांना पूर्ण चाके बसली, घंटा पूर्ण वर्तुळात फिरू लागली आणि घंटांचा क्रम दर फेरीत बदलता येऊ लागला. मग वादकांना गणिताचा नाद लागला. ७ घंटांचे ५,०४० क्रम होतात, त्यांना सुमारे तीन तास लागतात. नॉर्विचमध्ये ते १७१५ साली वाजले. ८ घंटांचे ४०,३२० क्रम १९६३ साली लफबरोला जवळजवळ १८ तास सलग वाजवले गेले. (पुण्यात पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातही याच पद्धतीचा ८ घंटांचा संच आहे.)

वादक मनोऱ्यात येत, पण उपासनेला थांबत नसत. याला कंटाळून व्हिक्टोरियन पाद्र्यांनी मनोऱ्यातली बिअर बंद केली, नियम भिंतीवर लावले आणि रविवारचे वादन हे कर्तव्य ठरवले. १८५९ साली ५ नोव्हेंबर आणि २९ मे यांच्या सरकारी उपासनाही रद्द झाल्या. पुढच्या दशकांत जिल्हावार संघटना उभ्या राहिल्या. आजची शिस्त तिथून येते.

या वर्षाला सर्वांत मोठा तडा गेला जून १९४० मध्ये. शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरल्याचा इशारा म्हणूनच चर्चच्या घंटा वाजतील, एरवी नाही, असा हुकूम निघाला. साधन चुकीचे निवडले होते, असेच म्हणावे लागते. घंटा वाजवण्याचा अधिकार लष्कर आणि पोलिसांकडे गेला आणि त्यांतल्या बहुतेकांनी दोराला कधी हातही लावला नव्हता. घंटा तोंड वर करून उभी असेल, तर नवख्याने जोरात ओढल्यावर ती तोलाच्या पलीकडे जाते, तिला अडवणारी अ‍ॅश लाकडाची दांडी मोडते आणि दोर सरसर वर पळतो. तो न सोडणारा माणूस दोराबरोबर उचलला जातो. दांडी मोडावी अशीच बेतलेली असते, कारण ती मोडली नाही तर धक्का चौकटीला बसतो. नवख्यासाठी सुरक्षित मार्ग एकच : घंटा खाली लटकती ठेवायची आणि दोर थोडाच ओढून नुसती झुलवायची.

दुसरी अडचण अफवेची. ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री सावधतेचा सांकेतिक शब्द गेला आणि आक्रमण झालेच असे समजून काही ठिकाणी घंटा वाजल्या. त्यानंतर खुलासा निघाला की निदान २५ छत्रीधारी उतरताना ज्याने स्वतः पाहिले, त्यानेच घंटा वाजवायला लावावी. इजिप्तमधल्या विजयासाठी १५ नोव्हेंबर १९४२ ला, मग त्या नाताळात सवलत मिळाली. बंदी पूर्ण उठायला १९४३ उजाडले.

नुकसान शांततेपेक्षा शिकण्या-शिकवण्यात पडलेल्या खंडाचे होते. घंटा हाताळायला शिकायला एकास एक असे १० ते १५ तास लागतात, ओळीने सफाईदार वाजवायला त्याहून बरेच जास्त. ही विद्या शेजारी उभे राहून, दोरावरच्या हातांवर हात ठेवूनच दिली जाते. घंटेच्या आतला, ठोका देणारा लोलक बांधून मुका सराव करता येतो, पण कान तयार होत नाही. तेवढ्यात मनोऱ्यातही बिघाड होतो : दोराच्या लोकरी पकडीला कसर लागते, दमट हवेत नैसर्गिक धाग्याचा दोर आखडतो, लाकूड सुकून चौकटीचे बोल्ट सैल होतात. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे घंटा पुन्हा थांबल्या, तेव्हा हीच यादी पुन्हा तपासावी लागली.

नोव्हेंबरचे वादन पहिल्या महायुद्धानंतरचे. लोलकाच्या गोळ्याला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात. हाताचा पहिला ओढा खणखणीत, परतीचा दबका. पट्टा ढिला राहिला तर गादी सरकते आणि भलताच ठोका दबतो, म्हणून वादनाआधी प्रत्येक घंटा तपासतात. ३१ डिसेंबरला अनेक मनोऱ्यांत मध्यरात्रीपर्यंत असेच वाजवून मग गाद्या काढतात, तेव्हा वर चढणाऱ्याने घंटा खाली उतरवल्याशिवाय चौकटीत पाय टाकायचा नाही. दोन्ही बाजूंनी बांधायची वेळ दुर्मीळ : राजा किंवा राणी, बिशप, किंवा त्या चर्चचा पाद्री गेल्यावरच. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसरी एलिझाबेथ राणी गेली आणि ती वेळ आली, तेव्हा कित्येक गावांत गाद्याच कमी पडल्या.