‘ब्लू’ आणि पुणेरी कान

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिचा ‘ब्लू’ हा अल्बम पुण्यातल्या एखाद्या दर्दी माणसाला पहिल्यांदा ऐकवला की तीन शेरे बहुधा येतातच. चाल हाती लागत नाही, शब्द ओळीत मावत नाहीत आणि आवाज चिरका आहे. तिसरा शेरा तूर्त बाजूला ठेवू. पहिल्या दोघांत त्या अल्बमइतकीच ऐकणाऱ्याच्या कानाची घडणही दिसते.

हा कान त्रिकुटावर तयार झालेला आहे. रेडिओवर गाणं लागण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं यायची. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 रोजी सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त तर ही वाटणी घरोघरी पोचली. गीतं 56, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या आणि गळे माणिक वर्मांसह अनेकांचे. साहजिकच दादही वाटून दिली जाते : शब्दांना वेगळी, चालीला वेगळी, गळ्याला वेगळी. मुखडा ठसला पाहिजे, अंतरा वर गेला पाहिजे आणि फिरून मुखड्यावर आलं की मान डोलली पाहिजे. ज्या गाण्यात तिन्ही कामं एकाच बाईनं केलीत आणि मुखडा म्हणावा असं काही ठेवलेलंच नाही, तिथं ही मोजपट्टी लावायची कुठं?

22 जून 1971 रोजी रीप्राइज कंपनीनं ‘ब्लू’ बाजारात आणला. दहा गाणी, प्रत्येक बाजूला पाच, एकूण 36 मिनिटांच्या आसपास. ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत, ध्वनिमुद्रक हेन्री लुई. त्याच वर्षी, त्याच स्टुडिओत अमेरिकन गायिका कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ही झाला, आणि त्यातल्या एका गाण्यात मागचा आवाज जोनीचा आहे. ‘टॅपेस्ट्री’ अमेरिकेत सलग 15 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, ‘ब्लू’ 15व्या क्रमांकापर्यंतच चढला. ब्रिटनमध्ये मात्र तिसऱ्यापर्यंत गेला. भावगीतावर वाढलेल्या कानाला ‘टॅपेस्ट्री’ लगेच रुचतो, कारण त्यात परत येणारी, गुणगुणता येणारी ओळ जागच्या जागी सापडते. ‘ब्लू’ या शीर्षकगीतात ती नाही आणि शेवटच्या ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’मध्येही नाही. ‘केरी’त आहे, म्हणून नव्या माणसाला सुरुवात ‘केरी’पासून करून द्यावी.

‘केरी’त ऐकू येणारं तारवाद्य गिटार नाही, ॲपलाचियन डल्सिमर आहे. मांडीवर आडवं ठेवायचं, तीन किंवा चार तारांचं, लांबट वाद्य. पडदे सप्तकातल्या बाराही सुरांचे नसतात, फक्त एका थाटातल्या सात सुरांचे असतात. एका तारेवर चाल वाजते, बाकीच्या तारा षड्ज-पंचम धरून मोकळ्या वाजत राहतात. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. तरी वाटतं, कारण तानपुरा मागे संथ झुलतो आणि डल्सिमर पुढे येऊन ठोके देतो. ‘ऑल आय वाँट’, ‘कॅलिफोर्निया’ आणि ‘अ केस ऑफ यू’ यांतही तोच आहे. ‘माय ओल्ड मॅन’, ‘ब्लू’, ‘रिव्हर’ आणि ‘रिचर्ड’ पियानोवर आहेत.

राहिलेली गाणी गिटारवर, आणि ती वाजवताना पुण्यातले शिकाऊ हात हमखास अडतात. जोनीला नवव्या वर्षी पोलिओ झाला होता. डावा हात कमकुवत राहिला, नेहमीच्या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची, बोटं धरायला त्रास व्हायचा, म्हणून तिनं तारांचीच जुळणी बदलली. ‘लिटल ग्रीन’ ओपन जी मध्ये आहे. जाड तारेपासून मोजलं तर नेहमीची जुळणी ई-ए-डी-जी-बी-ई. त्यातली सहावी तार ई वरून डी वर, पाचवी ए वरून जी वर आणि पहिली ई वरून डी वर, म्हणजे तिन्ही प्रत्येकी दोन अर्धस्वर उतरवायच्या. मधल्या तिघींना हात लावायचा नाही. आता काहीही न दाबता नुसती छेडली तरी जी मेजर ही कॉर्ड वाजते. नेहमीच्या जुळणीत तीच कॉर्ड धरून वाजवलं तर सूर बरोबर येतात, पण मोकळ्या तारांची गुंज जाते आणि गाणं कोरडं पडतं. तारा उतरवल्यावर त्या काही वेळ सरकत राहतात, त्यामुळे दोन-तीनदा जुळवून मगच सुरुवात करावी.

शब्द मावत नाहीत या तक्रारीला उत्तर खरं तर घरातच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉटवॅं या संशोधकांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. ओवी रचणारी, तिला चाल लावणारी आणि ती गाणारी बाई एकच. अक्षरं मोजून बसवलेली नसतात. ओळ लांबली तर अक्षरं घाईनं म्हणायची, आखूड पडली तर स्वर ओढायचा, ताल धरायला जात्याचा फेर आहेच. ‘सांगते बाई तुला’ म्हणून सुरुवात करायची आणि जे कुणासमोर बोलता येत नाही ते जात्याला सांगायचं. जोनीही डल्सिमरच्या ठोक्यावर अक्षरं अशीच कोंबते किंवा ताणते. ‘ब्लू’ ऐकायला भावगीतापेक्षा ओवीचा कान जास्त उपयोगी पडतो, असं आमचं मत आहे. फरक आहेच : ओवी पुढची बाई उचलते आणि तिची करते, ‘ब्लू’मधलं ‘मी’ एकाच बाईचं राहतं. त्या ‘मी’मुळेच त्या काळात तिच्या गोटातले पुरुष कलाकारही अवघडले होते.

मतं बदलण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण पुन्हा ‘लिटल ग्रीन’. 1971 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकाच्या समीक्षकाला हे गाणं इतकं गूढ वाटलं की अर्थच लागेना. जोनीनं 1965 मध्ये एका मुलीला जन्म दिला होता आणि हातात पैसा नसताना तिला दत्तक दिलं होतं. गाणं तिच्यावरच होतं. हे लोकांना कळलं 1990च्या दशकात, 1997 मध्ये मायलेकी भेटल्या. त्यानंतर तेच शब्द कुणालाही गूढ वाटेनात. 2020 मध्ये त्याच मासिकानं 500 सर्वोत्तम अल्बमच्या यादीत ‘ब्लू’ला तिसरं स्थान दिलं.

आता तो बाजूला ठेवलेला तिसरा शेरा. आवाज चिरका. तिचा गळा तेव्हा खरोखर उंच जायचा, पण दोष पुष्कळदा यंत्राचा असतो. रेकॉर्डचा वेग मिनिटाला 33⅓ फेरे कायम असला तरी सुईखालून जाणारी खाच काठाशी सेकंदाला 50 सेंमीच्या आसपास धावते, लेबलजवळ 20 ते 25 सेंमी. तेवढ्याच काळाचा आवाज निम्म्या जागेत कोंबला गेला की स, श, च फाटतात. ‘रिचर्ड’ नेमकं दुसऱ्या बाजूच्या टोकाला आहे, आणि तिथं पियानो आणि गळा याखेरीज आड लपायला काहीच नाही. सुई जिच्यात बसते त्या साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला सुईचा भार बहुधा दीड ते दोन ग्रॅम लागतो. कमी ठेवला तर सुई खाचेत नाचते आणि फाटणं वाढतं, रेकॉर्डही झिजते.

कॅसेटवर उलट होतं, टेप वाचणारं हेड किंचित तिरकं झालं की आवाज दबतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. टेप चालू ठेवून तो पाव फेऱ्याहूनही कमी, हळूहळू फिरवावा आणि डल्सिमरची किणकिण सर्वांत स्वच्छ येईल तिथं थांबावं. पुण्याच्या पावसाळ्यात फडताळात राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी धरते. ती तशीच वाजवली तर हेडवर थर बसतो आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही दबक्या वाजतात.

फोनवर ऐकणाऱ्यांनी शफल बंद ठेवावं. ‘ऑल आय वाँट’ आणि ‘रिचर्ड’ ही दोन गाणी जोनीनं अगदी शेवटी, आधीची दोन काढून घातली, म्हणजे पहिलं आणि दहावं गाणं काय असावं हे तिनं ठरवून बदललंय.